प्रतिसाद: भाग सप्रेस केले की वजन कमी का भरतं

एकाने विचारलंय की उसाच्या मिलची अख्खी असेंब्ली (सगळे भाग जोडलेलं थ्रीडी मॉडेल) उघडत नाही म्हणून निम्मे भाग सप्रेस (तात्पुरते बंद) केले, तर वजन घटलं आणि बीओएममधून (भागांच्या यादीतून) बेअरिंग गायब झाली. सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये हे असंच होणार. सप्रेस केलेला भाग मेमरीत नसतो, वजनात नसतो, त्या कॉन्फिगरेशनच्या (मॉडेलच्या त्या आवृत्तीच्या) बीओएममध्येही नसतो. खरी गंमत मेटची, म्हणजे भाग एकमेकांना जागेवर धरणाऱ्या जोडण्यांची: तेही सोबत बंद पडतात, मग त्या भागाच्या आधारावर बसलेला रोलर मोकळा सुटतो आणि माउसच्या धक्क्याने कुठल्या कुठे जातो.

नुसता वेग हवा असेल तर लाइटवेट (भागाची थोडीच माहिती मेमरीत घेणारा मोड) पुरतं. भाग जागेवर राहतो, मेटही चालू राहतात. साहेबांना फक्त दाखवायचं असेल तर लार्ज डिझाइन रिव्ह्यू (मोठी असेंब्ली बघण्यापुरती झटपट उघडणारा मोड). सप्रेस करायचंच तर नट-बोल्ट वगळलेलं वेगळं कॉन्फिगरेशन करा आणि ड्रॉइंग पूर्ण कॉन्फिगरेशनवरूनच काढा. चिंचोळी एमआयडीसीतल्या व्हेंडरला स्टेप फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारं मॉडेल) पाठवतानाही तेच, नाहीतर त्याला अर्धीच मिल मिळेल. (मग फोनवर फोन.)

एनएक्स हे दुसरं डिझाइन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं जरा वेगळं. तिथे अनलोड (मेमरीत न आणलेला) भाग नॅव्हिगेटरमध्ये (भागांच्या झाडासारख्या यादीत) दिसत राहतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण वेव्ह लिंकचा (एका भागाची भूमिती दुसऱ्यात आणणाऱ्या दुव्याचा) मूळ भाग लोड नसेल तर त्यावर अवलंबून असलेली भूमिती जुनीच राहते. रिलीजआधी तो लोड करून अपडेट करा. आणि फोल्डर पेनड्राइव्हवरून आणलं असेल तर लोड ऑप्शन ‘फ्रॉम फोल्डर’ ठेवा. ‘ॲज सेव्ह्ड’ जुन्याच पत्त्यावर शोधत बसतं.