ग्रो लाइटला डिजिटल बॅलास्ट: पाच टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?

तांबंलोखंड (धागाकर्ता)

बंद खोलीत सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिव्याखाली रोपं वाढवणाऱ्या कुणालाही विचारा, "जुना चोक काढ, डिजिटल लाव, वीज वाचेल" हाच सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. (बॅलास्ट म्हणजे दिव्याचा करंट आवरणारा डबा; चोक हा त्याचा जुना मॅग्नेटिक प्रकार, डिजिटल हा इलेक्ट्रॉनिक.)

आधी हिशोब. ६०० वॉटचा सोडियम दिवा चोकवर चालवला तर मीटरवर साधारण ६५० वॉट दिसतात, चांगल्या डिजिटलवर ६२५ च्या आसपास. फरक २५ वॉटचा. रोज १२ तास धरले तर वर्षाला ११० युनिटं. दिवा स्वतः तेवढ्या काळात २६०० च्या वर युनिटं खातो.

या चिमूटभर बचतीच्या बदल्यात काय घेतो आपण? चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. सोबत एक कपॅसिटर आणि दिवा पेटवणारा एक इग्नायटर. बिघडलं की तीनपैकी एक बदला, पुढची कित्येक वर्षं बघायला नको. डिजिटलमध्ये सगळं एका बोर्डावर, वर रेझिन ओतून बंद. एक मॉस्फेट (स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर) उडाला की अख्खा डबा भंगारात. शिवाय आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ज्यांचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्म्यावर येतं. आणि हा डबा आपण ठेवतो कुठे, तर मुद्दाम गरम ठेवलेल्या खोलीत!

अर्धवाहक

असहमत. सुरुवातच चुकीच्या जागेवरून झाली आहे. डिजिटलचा खरा फायदा त्या २५ वॉटमध्ये नाहीच.

सोडियम दिवा जुना होतो तसं त्याच्या आर्कचं, म्हणजे आतल्या तापलेल्या वायूतून वाहणाऱ्या विजेच्या झोताचं, व्होल्टेज चढत जातं. चोकला त्याची फिकीर नसते, त्यामुळे दिव्याला मिळणारी पॉवर त्याच्या वयाप्रमाणे बदलत राहते. शेवटी ते व्होल्टेज इतकं चढतं की चोक आर्क टिकवू शकत नाही. मग दिवा विझतो, गार होतो, पेटतो, परत विझतो. डिजिटल बॅलास्ट पॉवर मोजून ती स्थिर ठेवतो. लाइनचं व्होल्टेज पाच टक्के पडलं तर साध्या चोकवर दिव्याची पॉवर दहा टक्क्यांहून जास्त घसरते. संध्याकाळी लाइन खाली जाणाऱ्या भागात रोपांना रोज कमी प्रकाश मिळतो आणि मालक खतात खोट शोधत बसतो.

एक आकडाही देतो. २०१४ साली युटा स्टेट विद्यापीठातल्या नेल्सन आणि बगबी यांनी मोजमापं प्रसिद्ध केली. नेहमीच्या, एकाच टोकाला जोडणी असलेल्या सोडियम फिक्श्चरना (दिवा, रिफ्लेक्टर आणि बॅलास्टचा संच) ज्यूलभर विजेमागे १.०२ मायक्रोमोल फोटॉन (प्रकाशकण), तर सर्वांत चांगल्या दोन टोकांच्या सोडियमना १.७० च्या घरात. हे दोन टोकांचे दिवे इलेक्ट्रॉनिक बॅलास्टसाठीच बनतात.

तांबंलोखंड

ही तुलना बॅलास्टची नाही. त्यात दिवा बदलला, रिफ्लेक्टर बदलला, बॅलास्टही बदलला, आणि श्रेय फक्त शेवटच्याला? बॅलास्टमधला तोटाच मुळात दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असतो. तो पार शून्य केला तरी १.०२ चे १.७० होत नाहीत.

व्होल्टेजचा मुद्दा मान्य, पण तो साध्या चोकपुरता. सीडब्ल्यूए (कॉन्स्टंट वॉटेज ऑटोट्रान्सफॉर्मर) प्रकारचा मॅग्नेटिक बॅलास्ट लाइनमधले दहा टक्क्यांचे चढउतार बऱ्यापैकी पचवतो. जड असतो आणि जास्त तापतो, हेही सांगून टाकतो.

कुंडीबहाद्दर

मला १०० हर्ट्झच्या लुकलुकीबद्दल विचारायचंय. चोकवर दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो, डिजिटलवर प्रकाश सलग मिळतो, म्हणून रोपं जोमाने वाढतात असं विक्रेते सांगतात. खरं आहे का?

अर्धवाहक

मी डिजिटलच्या बाजूचा, तरी सांगतो, यावर पैसे टाकू नका. मिलिसेकंदांचा खंड पानाच्या आतली रासायनिक साखळी सहज भरून काढते. सरासरी फोटॉन तेवढेच असतील तर रोपाला फरक पडत नाही. खोलीत काम करणाऱ्याच्या डोळ्यांना आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र पडतो.

रेडिओवेडा

शेजाऱ्यांचं कुणी बोलतच नाहीये! बहुतेक डिजिटल बॅलास्ट दहा-वीस किलोहर्ट्झपासून शंभरच्या वरपर्यंत स्विचिंग करतात. फिल्टर नीट नसेल तर त्याचे हार्मोनिक्स (त्या फ्रीक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी) थेट शॉर्टवेव्हमध्ये पोचतात, आणि दिव्याकडे जाणारी लांब केबल अँटेनाचं काम करते. अमेरिकेत हौशी रेडिओवाल्यांच्या एआरआरएल या संघटनेने २०१४ मध्ये ग्रो लाइटच्या बॅलास्टविरुद्ध एफसीसीकडे, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाकडे, तक्रार केली होती ती याचसाठी. आमच्या बँडवर दिवसाचे ठरावीक तास गुरगुर चालू असली की आम्ही ओळखतो, कुणाची तरी झाडं उजेडात आहेत. चोक शंभर हर्ट्झवर गुणगुणतो खरा, पण तो ज्याच्या घरात आहे त्यालाच ऐकू येतो.

अर्धवाहक

स्वस्तातल्या डब्यांबद्दल हे शंभर टक्के खरं. शिल्ड केलेली केबल, दोन्ही टोकांना नीट अर्थिंग आणि आत खरोखरचा फिल्टर असलेला बॅलास्ट घेतला तर त्रास खूप कमी होतो. फिल्टरची जागा रिकामी सोडलेले बोर्ड मी उघडून पाहिले आहेत, त्यांची बाजू घेणार नाही.

शंकासूर

माझ्याकडे चोकवर चालणारा ४०० वॉटचा सिरॅमिक मेटल हॅलाइड आहे. तोच दिवा डिजिटलवर चालेल का? दुकानात "सगळं चालतं" एवढंच उत्तर मिळालं.

तांबंलोखंड

मुळीच लावू नका. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. मेटल हॅलाइडच्या छोट्या आर्क ट्यूबमध्ये ठरावीक किलोहर्ट्झवर वायू ध्वनिलहरींसारखा अनुनाद पावतो. आर्क वळवळते, भिंतीला चाटते, दिवा विझतो, क्वचित ट्यूब तडकते. चोकसाठी बनलेला सिरॅमिक दिवा चोकवरच ठेवा.

अर्धवाहक

इथे दुमत नाही, पण अर्धीच गोष्ट सांगितली. ३१५ वॉटचे नवे सिरॅमिक दिवे इलेक्ट्रॉनिकवरच चालतात, फक्त तो कमी फ्रीक्वेन्सीचा, शे-दोनशे हर्ट्झचा चौकोनी लहरीचा असतो. म्हणजे "डिजिटल" या एकाच लेबलाखाली दोन वेगळी यंत्रं विकली जातात. दिव्याच्या कागदावर कोणता बॅलास्ट लिहिलाय ते आधी वाचा, आणि मग आमचं भांडण.

कुंडीबहाद्दर

आणि डिमिंग? रोपं लहान असताना ५० टक्क्यांवर ठेवायचं म्हणून तर मी डिजिटल घ्यायला निघालो होतो.

तांबंलोखंड

सोडियम दिवा निम्म्या पॉवरवर निम्म्याहून बराच कमी प्रकाश देतो, म्हणजे प्रत्येक युनिटमागे तुम्ही तोट्यात. मेटल हॅलाइडचा तर रंगही सरकतो. दिवा वर उचला, किंवा रोपं लहान असेपर्यंत छोटा दिवा लावा. ते "सुपर" बटण, ११० टक्क्यांचं, त्याला तर हातच लावू नका. दिव्याचं आयुष्य खातं.

अर्धवाहक

७५ टक्क्यांपर्यंत डिमिंग उपयोगी आहे. उन्हाळ्यात खोली आवरत नाही तेव्हा दिवा वर उचलून उष्णता कमी होत नाही, पॉवर कमी करूनच होते.

तांबंलोखंड

उष्णतेचाच प्रश्न असेल तर चोक खोलीबाहेर काढा. पन्नासेक वॉट तिथेच कमी झाले. इग्नायटर मात्र दिव्याजवळच ठेवायचा, कारण त्याचे काही हजार व्होल्टचे ठोके लांब वायरमध्ये विरून जातात. डिजिटल दूर ठेवायची सोय कमी, केबल लांबवली की रेडिओवेडा यांचा फोन आलाच समजा.

शंकासूर

चोक बाहेर काढायचा तर पॉवर फॅक्टरचा (लाइनचा करंट कमी ठेवणारा) कपॅसिटर कुठे बसवू? चोकपाशी, की बोर्डापाशी?

तांबंलोखंड

चोकपाशीच, पुरवठ्याच्या बाजूला, आणि त्यावर डिस्चार्जचा (बंद केल्यावर साठलेला चार्ज काढणारा) रेझिस्टर आहे ना ते आधी बघा. कपॅसिटर मेला तरी दिवा पेटतच राहतो, पण लाइनचा करंट जवळपास दुप्पट होतो आणि टायमरचे काँटॅक्ट भाजतात. अधूनमधून क्लॅम्प मीटर लावून करंट बघत जा.