मदत हवी आहे: सर्व्हर रीस्टार्ट झाला की क्लायंट जोडले जात नाहीत

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या लॅनवर एकच डेटाबेस ठेवून पाच पीसींवर स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवायचं आहे. सर्व्हर विंडोज 11 प्रो, डेटाबेस पोस्टग्रेस, आयपी स्टॅटिक (192.168.1.10), गेटवेही भरलेला आहे. लिसन अ‍ॅड्रेसेसमध्ये स्टार टाकून (म्हणजे पोस्टग्रेस सर्व नेटवर्क पत्त्यांवर जोडणी घेईल) सर्व्हिस रीस्टार्ट केली, कारण इथे नुसतं रीलोड (सेटिंग पुन्हा वाचायला लावणं) पुरत नाही. एचबीए फाइलमध्ये (कोणत्या पत्त्यांवरून जोडू द्यायचं ते ठरवणारी फाइल) 192.168.1.0/24 ची, म्हणजे ऑफिसच्या लॅनची, ओळ आहे. फायरवॉलमध्ये पोस्टग्रेसचा 5432 पोर्ट फक्त प्रायव्हेट प्रोफाइलसाठी (विंडोज ज्याला विश्वासाचं नेटवर्क मानतं) उघडा ठेवलाय.

अडचण अशी की सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर अधूनमधून नेटवर्क प्रोफाइल आपोआप पब्लिक होतं आणि सगळे क्लायंट (सर्व्हरला जोडणारे पीसी) टाइमआउट होतात, म्हणजे उत्तरच येत नाही. एचबीएची चूक असती तर नकाराचा मेसेज लगेच आला असता, म्हणजे पॅकेट फायरवॉललाच अडतंय. हाताने प्रायव्हेट केलं की तत्काळ चालू.

आता नियम पब्लिकलाही लावून रिमोट अ‍ॅड्रेस लोकल सबनेटपुरता ठेवावा, की स्टार्टअपला टास्क शेड्युलरमधून प्रोफाइल बदलावं? ज्यांनी यातलं काही कायमस्वरूपी चालवलंय त्यांनी कृपया सांगा. डेटाबेसचं फोल्डर शेअर करण्याचा उपाय मात्र नको, त्यात डेटा खराब होऊ शकतो.