कोकणातला दमट उन्हाळा आणि आपले कुत्रे : आपापले अनुभव लिहा

रत्नागिरी : किनाऱ्यावर पारा देशावरच्याइतका चढत नाही, म्हणून इथला उन्हाळा कुत्र्यांना सोसतो, असा समज सर्रास आढळतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना जिभेवरची आणि श्वसनमार्गातली ओल उडून जाते, तीच त्याची अंग निववण्याची मुख्य सोय. हवा दमट असली की ती ओल नीट उडत नाही, आणि सावलीत पडलेला कुत्राही धापा टाकत राहतो. हवामान खातेसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंशांची, तर किनाऱ्यावर ३७ अंशांची पातळी धरते. मार्चमध्ये पूर्वेचे वारे रेंगाळून खारे वारे उशिरा सुटतात, त्या दिवसांत आपण काय करता, हे जरूर लिहावे.

राजापूर : आमच्या आंब्याच्या बागेत हंगामभर राखणीला कुत्रे असतात. वानर दिसले की ते ऊन-सावली पाहत नाहीत, जीव तोडून धावतात. म्हणून सकाळी दहानंतर त्यांना मांगराच्या पडवीत ठेवतो आणि दुपारची हाकाटी माणसे करतात. बांधण्याबद्दल आवर्जून सांगावेसे वाटते. सकाळी झाडाच्या पश्चिमेला, सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी तीनला भर उन्हात असतो, कारण सावली पलीकडे सरकलेली असते. तिच्यामागे जाऊ पाहताना साखळी बुंध्याला वेढे घेते आणि हातभर उरते. पाण्याचे भांडे समोर दिसते, पण तोंड पोचत नाही. बांधणे भागच असेल, तर दोन झाडांमध्ये तार ताणून तिच्यावर साखळीची कडी सरकती ठेवावी. पाणी दगडी डोणीत भरावे. स्टीलचे भांडे उन्हात तापते आणि कुत्रा त्याला तोंड लावत नाही.

सड्यावरचा जांभा कातळ सूर्य कलल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. हाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद टेकवून धरता आली नाही, तर कुत्र्याला तिथून चालवू नये.

अलिबाग : आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांचा पग मे महिन्यात समुद्रावरून परतला, तो खळ्यात येताच लटपटून बसला. हिरड्या लालभडक, लाळ चिकट आणि दोरीसारखी लोंबणारी, श्वासाला घरघर. चपट्या नाकाच्या जातींना धापा टाकणेच अवघड, त्यामुळे त्यांच्या बाबतीत वेळ फार थोडा हाती असतो. विहिरीचे पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर ओतत राहिलो आणि समोर टेबलफॅन लावला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवणे टाळले, कारण तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो. शुद्ध हरपत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाऊ शकते. कुत्र्याचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, ४१ च्या वर ते जिवावर बेतते. म्हणून आधी अंग थंड करायला लागावे आणि मग गाडी काढावी. तो सावरल्यासारखा दिसला, तरी पशुवैद्यकांना दाखवावेच, कारण मूत्रपिंडाची इजा नंतर उघड होते. तो पग वाचला, याचे आजही समाधान वाटते.

दापोली : समुद्रावर जाताना गोडे पाणी बरोबर न्यावे. तहानेने खारे पाणी प्यायलेल्या कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात आणि अंगातले पाणी आणखी घटते.

मालवण : उन्हाळ्यात केसाळ कुत्र्याचे केस मुळापासून काढण्याची सूचना अनेक जण करतात; मला ती पटत नाही. दुहेरी केसांच्या जातींमध्ये वरचा थर ऊन अडवतो, त्यामुळे रोज विंचरून आतले गळालेले केस काढणे पुरेसे असते, आणि त्या निमित्ताने गोचीडही सापडतात. मासळी उतरते तिथले भटके कुत्रे दुपारी उभ्या गाड्यांखाली शिरतात, तेव्हा गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पाहावे. आम्ही शेजाऱ्यांनी मिळून माडांच्या सावलीत मातीच्या कुंड्या ठेवल्या असून, डासांची पैदास होऊ नये म्हणून त्या रोज घासून पुन्हा भरतो.