मदत हवी आहे : महाबळेश्वरच्या हॉटेलातील सौना आणि स्टीम रूम, जांभ्याच्या भिंतींना वाफेपासून कसे वाचवावे?

चिरेबंदी

नमस्कार. महाबळेश्वर येथील एका जुन्या दुमजली हॉटेलाच्या नूतनीकरणाचे काम सध्या माझ्याकडे आहे. हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित असल्यामुळे नवे बांधकाम न काढता आहे त्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, छोटा स्पा बसवायचे ठरले आहे. त्यात दोन मसाज-खोल्या, एक सौना (भट्टीने तापवलेली, आतून लाकडी फळ्यांची खोली) आणि एक स्टीम रूम असेल. बाहेरच्या भिंती जांभ्याच्या, दीड फूट जाडीच्या आहेत आणि खालच्या मजल्यावर हॉटेलाचे भोजनगृह आहे. मांडणी आणि प्रकाशयोजना यांबद्दल मला अडचण नाही. माझी सारी चिंता वाफेची आहे.

आमचे ठेकेदार अनुभवी आहेत, परंतु सौना कोरडी असते, म्हणून तिच्या फळ्यांमागे ॲल्युमिनियम फॉइल लावणे हा वायफळ खर्च आहे, आणि स्टीम रूमला न्हाणीघरासारखे वॉटरप्रूफिंग केले की पुरे, असे त्यांचे म्हणणे आहे. मला हे पटत नाही. ९० अंश सेल्सियसच्या हवेत सापेक्ष आर्द्रता केवळ १० टक्के असली, तरी तिच्यातील बाष्पाचा दाब सुमारे ७ किलोपास्कल भरतो, म्हणजेच तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, ३९ अंशांच्या आसपास येतो. फळ्यांच्या फटींतून ही हवा मागे गेली आणि तेथील भिंत ३९ अंशांहून थंड असली, तर तिच्यावर पाणी सुटणारच. स्टीम रूममध्ये तर ४५ अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते आणि हा दाब साडेनऊ किलोपास्कलच्या वर जातो. शेजारच्या वातानुकूलित मसाज-खोलीत तो दीड किलोपास्कलच्या आसपास असतो. एवढ्या फरकाने ढकलली जाणारी वाफ गिलाव्यातून आणि जांभ्याच्या छिद्रांतून वाट काढल्याशिवाय राहत नाही. न्हाणीघरात लावतो ते सिमेंट-पॉलिमरचे लेप पाणी अडवतात, पण त्यांतील बरेच लेप वाफेला बऱ्यापैकी वाट देतात.

त्यात महाबळेश्वरची हवा अशी की, हिवाळ्यात बाहेरची भिंत चांगलीच गारठलेली असते आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत, जेव्हा येथे पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा तीच भिंत बाहेरून भिजलेली असते. आतून मुरलेली ओल बाहेरच्या बाजूने सुकेल ही आशा जून ते सप्टेंबर या काळात ठेवताच येत नाही. ही इमारत इतकी वर्षे टिकली ती भिंतींना सुकायला उसंत मिळत गेली म्हणून. ती उसंत आपल्या कामामुळे हिरावली जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मालकांच्या तीन अपेक्षा आहेत. सौनेची मार्गिकेकडील संपूर्ण बाजू काचेची असावी, स्टीम रूमला आतून पांढरा संगमरवर असावा, आणि दोन्ही खोल्यांना सपाट जिप्समचे फॉल्स सिलिंग असावे. सौनेचे आतील माप २.४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच, म्हणजे सुमारे साडेदहा घनमीटर आहे. घनमीटरला साधारण एक किलोवॉट या हिशेबाने साडेदहा किलोवॉटची भट्टी पुरेल; परंतु इन्सुलेशन नसलेल्या प्रत्येक चौरस मीटर काचेसाठी घनफळात १.२ घनमीटर वाढवून धरावे, असा भट्टी-उत्पादकांचा संकेत आहे. पूर्ण काच लावल्यास सव्वापाच चौरस मीटर काचेपायी घनफळ सतरा घनमीटरच्या जवळ पोहोचते आणि भट्टी सतरा किलोवॉटच्या आसपासची घ्यावी लागते. हॉटेलाचा डिझेल जनरेटर लहान असल्याने हा फरक क्षुल्लक नाही.

जुन्या भिंतीलाच थर चढवावेत की भिंतीपासून सुटी, खोलीच्या आत खोली उभारावी? मालकांच्या अपेक्षांपैकी कोणती मान्य करता येईल आणि कोणती ठामपणे नाकारावी? ज्यांनी अशी कामे केली आहेत किंवा चालवली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ताम्पेरेकर

मी व्यवसायाने बांधकाम अभियंता असून काही वर्षांपासून फिनलंडमध्ये ताम्पेरे येथे राहतो. या शहरातील राजापोर्ट्टी ही सार्वजनिक सौना १९०६ पासून चालू आहे, आणि येथे जवळपास प्रत्येक इमारतीत सौना असल्यामुळे ही बांधणी जवळून पाहता आली आहे. आपला हिशेब योग्य आहे. सौनेला कोरडी म्हणणे अपुरे आहे, कारण तापलेल्या दगडांवर पाणी टाकून उठणारी वाफ, जिला येथे ल्योयल्यु म्हणतात, हाच सौनेचा गाभा आहे. ज्या सौनेत पाणी टाकायला मनाई असते, तिला येथील माणूस सौना मानत नाही. तेव्हा फॉइल हवीच, तिचे सांधे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद हवेत, आणि फॉइल व फळ्या यांच्यामध्ये एक-दोन सेंटिमीटरची मोकळी जागा हवी, म्हणजे फळ्यांची मागची बाजू सुकते.

आपल्या भिंतींसाठी खोलीच्या आत खोली हाच मार्ग मी सुचवेन. जांभ्यापासून चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडून सांगाडा उभारावा, त्यात खनिज लोकर (उष्णता अडवणारे तंतुमय अस्तर) भरावी, तिच्या आतल्या अंगाला फॉइल आणि मग फळ्या. मागची पोकळी बंद न ठेवता तिच्यातील हवा लहान पंख्याने खेचून बाहेर टाकावी, म्हणजे तिथे पावसाळ्यातली दमट हवा न येता मार्गिकेतील कोरडी हवा येत राहील.

उंचीबाबत तडजोड करू नये. वरचा बाक छतापासून सुमारे १.१ मीटर खाली असावा, आणि त्यावर बसणाऱ्याची पावले भट्टीच्या दगडांच्या पातळीला किंवा तिच्याही वर यावीत. नाहीतर डोके भाजते आणि पाय थंड राहतात. हॉटेलांतल्या पुष्कळ सौना येथेच फसतात, कारण आखणारा बाकाला बसण्याचे आसन समजून जमिनीपासून अठरा इंचांवर बसवतो. बाकांसाठी ॲस्पेन किंवा अल्डरसारखे हलके, राळ नसलेले लाकूड घ्यावे, त्यावर व्हार्निश लावू नये आणि स्क्रू खालून मारावेत. भट्टीतील दगड तिच्यासोबत येणारेच वापरावेत. सह्याद्रीतील काळ्या दगडाच्या पोकळ्यांत बहुधा झिओलाइट नावाचे खनिज भरलेले असते आणि त्यात पाणी धरलेले असल्याने तापल्यावर तो तडकू शकतो, म्हणून तो दगड आपल्या अंगणातला असला तरी येथे नको. दार बाहेर उघडणारे आणि कडी नसलेले असावे, हे तर गृहीतच धरतो.

काचेविषयी मालकांना इतकेच सांगावे की, दार आणि त्याच्या शेजारी एक उभी पट्टी एवढी काच पुरेशी आहे. बाहेरून खोली सुंदर दिसणे महत्त्वाचे खरे, पण आत बसलेल्याच्या पाठीला लाकडाची ऊब मिळणे त्याहून महत्त्वाचे.

नळजोडणी

मी पुण्यात हॉटेलांच्या यांत्रिक सेवांचे काम करतो, म्हणून स्टीम रूमपुरते लिहितो. सपाट छत आणि जिप्सम या दोन्ही गोष्टी आताच नाकाराव्यात. जिप्सम बोर्ड स्टीम रूममध्ये टिकत नाही, आणि सपाट छतावर साचलेले थेंब बसलेल्या माणसाच्या अंगावर पडत राहतात. छताला फुटाला दोन इंच ढाळ द्यावा, म्हणजे पाणी भिंतीकडे ओघळते. भिंती आणि छत एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनच्या (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या) फळ्यांचे करून त्यावर वाफ अडवण्यासाठीच बनवलेली शीट मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, अखंड न्यावी. छतावर ती थांबवली तर बाकी सगळे केलेले व्यर्थ जाते. बसण्याच्या ओट्यालाही पुढच्या बाजूस किंचित ढाळ हवा.

वाफ तयार करणारा जनरेटर निवडण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी. इलेक्ट्रोड पद्धतीच्या जनरेटरमध्ये वीज पाण्यातूनच वाहते, त्यामुळे त्याला आरओचे (गाळून क्षार काढलेले) पाणी दिले तर तो नीट चालतच नाही. एलिमेंटच्या (पाण्यात बुडवलेल्या तापणाऱ्या दांडीच्या) जनरेटरला आरओचे पाणी बहुधा चालते, पण जड पाण्याने एलिमेंटवर क्षारांचा थर बसतो. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो. एकूण क्षार तेवढेच राहतात, म्हणून जनरेटर ठरावीक वेळाने आपोआप रिकामा होण्याची सोय हवी. महाबळेश्वरचे पाणी एरवी मऊ असते, पण उन्हाळ्यात टँकर येत असतील तर त्या पाण्याचीही वेगळी तपासणी करावी. वाफेच्या नळीवर झडप बसवू नये, नळीला कोठेही झोळ पडू देऊ नये, आणि वाफेचे तोंड कोणाच्या पायाजवळ येणार नाही अशा ठिकाणी, जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवावे. दिवे १२ व्होल्टचे घ्यावेत.

चिरेबंदी

दोघांचेही मनापासून आभार. सुट्या सांगाड्यामुळे सौनेची रुंदी थोडी घटेल, पण ते मालकांना समजावता येईल. संगमरवराचा प्रश्न मात्र उरतोच, आणि एक गोष्ट आधी लिहायची राहिली : येथे बहुतेक पाहुणे आयुर्वेदिक अभ्यंग करून लगेच वाफ घेणार आहेत.

वेदवती

मी गोव्यातील एका हॉटेलाच्या स्पाची व्यवस्था पाहते. अभ्यंगानंतर स्वेदन, म्हणजे वाफेने घाम काढणे, हा आपला जुना क्रम आहे, म्हणून पाहुण्याला तेल पुसून टाका असे सांगता येत नाही. परंतु तेल लावलेल्या माणसाला सौनेत मुळीच पाठवू नये. लाकूड तेल शोषते, काळे पडते आणि तापल्यावर त्याला जुन्या तेलाचा वास येऊ लागतो. अशा पाहुण्यांसाठी मसाज-खोलीतच एका माणसाची लाकडी स्वेदन-पेटी ठेवावी, आणि सौना व स्टीम रूम यांच्या वाटेवर शॉवर असा ठेवावा की तो टाळून पुढे जाता येणार नाही.

संगमरवर ओल्या आणि तेलकट पायांखाली घसरतो, शिवाय वाफेचे क्षार काढायला वापरतात त्या आम्लाने त्याची झिलई जाते. आम्ही खडबडीत पृष्ठभागाच्या छोट्या पोर्सिलेन टाइल्स आणि त्यांचे सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट वापरतो. संगमरवर विश्रांती-कक्षात लावता येईल. तेथे तो शोभेल आणि टिकेलही. नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या निचऱ्याच्या तोंडाला, तेल अडवणारी जाळी बसवून ती रोज धुवावी लागते, हे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या यादीत पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावे.

नळजोडणी

एक भर घालतो. खाली भोजनगृह असल्यामुळे टाइल्स बसवण्याआधी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या स्लॅबची तपासणी करावी. त्यानंतर टाइल्स नसतानाच स्टीम रूम काही तास चालवून पाहावी, आणि ती पूर्ण तापलेली असताना शेजारच्या मसाज-खोलीच्या भिंतीला हात लावून फिरावे. जेथे भिंत गरम किंवा ओलसर लागेल, तेथे मेम्ब्रेनचा सांधा उघडा राहिला आहे असे समजून तो त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावा.