‘कॉन्ट्रेरियन’ला मराठीत काय म्हणावं?

शेअर बाजारावरच्या मराठी लिखाणात ‘कॉन्ट्रेरियन’ हा शब्द आता रुळलाय. सगळे विकत असताना घेणारा, सगळे घेत असताना विकणारा. पण राजकारण आणि संस्कृतीवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी याच शब्दापाशी चार दिवस अडून बसलोय. तिथे अर्थ असा: बहुतेकांना मान्य असलेल्या मताच्या बरोबर उलट बोलणारा, आणि तसं बोलण्याची गोडी लागलेला माणूस.

घरात, गल्लीत आपण काय म्हणतो ते आठवून पाहिलं. तिरशिंगराव. आडमुठा. हेकेखोर. ‘कायम वाकड्यात शिरतो.’ ‘पूर्व म्हटलं की पश्चिम म्हणणार.’ आमची आजी ‘उफराट्या डोक्याचा’ म्हणायची. यातला एकही शब्द कौतुकाचा नाही, आणि माझी अडचण तीच आहे. कारण असं मत ऐकायला लोकांना आवडतं. रंकाळ्यावर संध्याकाळी बसणाऱ्या आमच्या घोळक्यात सगळ्यांचं एकमत झालं की माणसं चपला शोधायला लागतात. तेवढ्यात कुणीतरी ‘मला नाही पटत’ म्हणतो आणि सगळे परत बसतात. इतरांना न दिसलेलं काहीतरी याला दिसलंय, आता ते मलाही दिसेल, असं वाटतं. ‘आडमुठा’मध्ये या ओढीचा मागमूस नाही.

‘बंडखोर’ चालला असता, पण निवडणुकीच्या बातम्यांनी त्याची रया घालवली. तिथे बंडखोर म्हणजे तिकीट न मिळाल्यानं अपक्ष अर्ज भरलेला. त्याचं मत पक्षापेक्षा वेगळं असतंच असं नाही, आणि पुष्कळदा माघारीच्या मुदतीआधी बंड थंड होतं. ‘विद्रोही’ला तर चळवळीची ठाम बाजू आहे, तो वाटेल त्या उलट मताला लावणं मला गैर वाटतं.

शिवाय हा शब्द जागेवर अवलंबून आहे. टोलविरोधी आंदोलनाच्या काळात कोल्हापूर रस्त्यावर उतरलं होतं. ‘टोल देणार नाही’ म्हणणारा इथे चारचौघांतलाच. ‘रस्ते झालेत, तर टोल द्यावा’ असं चौकात म्हणणारा उफराटा. दुसऱ्या शहरात त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं.

शब्द सुचवा.

एक निवृत्त संस्कृत शिक्षिका:
दादा, ‘वितंडवादी’ कसा सुटला? आज फुकाच्या भांडणाला आपण वितंडवाद म्हणतो, पण न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, त्याची नेमकी व्याख्या आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद, तो सत्य शोधण्यासाठी. जल्प, तो जिंकण्यासाठी, त्यात शब्दच्छलही चालतो. आणि वितंडा म्हणजे ‘प्रतिपक्षस्थापनाहीन’: समोरच्याचं खोडत राहायचं, स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही. म्हणजे वितंडा आरडाओरड्यावरून ठरत नाही. अगदी मऊ आवाजातही ती करता येते.

तिचा मोह का पडतो, तेही यातच आहे. ज्याचा पक्षच नाही त्याच्यावर वार कुठे करणार? ऐकणाऱ्याला तो अजिंक्य वाटतो. वर्गात मी पुष्कळदा पाहिलंय, हुशार मुलं आधी याच गोष्टीला भुलतात. तुमच्या लेखातला माणूस स्वतः काय मानतो ते सांगतो का? सांगत असेल तर त्याला वितंडवादी म्हणू नका, अन्याय होईल.

दुसरा एक प्रतिसाद:
‘प्रतिगामी’ चालेल का?

शिवाजी पेठेतले एक काका:
ताईंचं पटलं. तालमीतलं सांगतो. प्रत्येक डावाला तोड असती. समोरच्यानं पट काढला तर तोड करायची, आणि तोड करता करता आपला डाव टाकायचा. नुसती तोड करून कुस्ती निकाली होत नाही. दोघं नुसती खडाखडी करत राहिलं की खासबागेत पब्लिक आरडायला लागतंय.

आणि नुरा कुस्ती इसरू नका. आधीच ठरवलेली. रात्री टीव्हीवर दोघं भांडाय लागलं की आमच्यात लगेच म्हणत्यात, ही नुरा हाय. एकाला उलटं बोलायलाच बसवलेलं असतंय. बघायला मजा येती, खोटं कशाला बोलू. पण मनापासनं उलटं बोलतोय का ठरवून, ह्यो फरक तुमच्या शब्दात आला पायजे बघा.

मूळ लेखक:
‘प्रतिगामी’ नको. तो मागे नेणारा, पुरोगामीच्या विरुद्ध. उलट मत दोन्ही दिशांना जाऊ शकतं. ‘पुरोगामी’चंच बघा: आपण ‘पुरोगामी कोल्हापूर’ अभिमानानं म्हणतो, आणि हल्ली त्याला ‘फुरोगामी’ म्हणून हिणवण्यात काहींना धाडस वाटतं. जे मत एखाद्या गावात मुरलं, त्यालाच धक्का देण्यात नवेपण दिसतं.

पण हे मत मुरलं तरी कसं? २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गासाठी राखून ठेवायचा हुकूम काढला. तेव्हाच्या शिकलेल्या वर्गातून त्यावर टीका झाली. त्यांच्या दृष्टीनं तो उफराटाच कारभार. मात्र हुकमात किती जागा आणि कुणासाठी, हे लिहिलेलं होतं. ताईंच्या भाषेत पक्षस्थापना, काकांच्या भाषेत तोडीबरोबरचा डाव. अशा माणसाला आणि रोज नव्या विषयावर उलटं बोलून टाळ्या घेणाऱ्याला एकच शब्द लावायला माझा हात धजत नाही.

म्हणून सध्या असं करतोय: विरोधाची चटक लागलेल्याला ‘विरोधप्रिय’, ‘कलहप्रिय’च्या धर्तीवर, स्वतःचं न मांडता खोडणाऱ्याला ‘वितंडवादी’, ठरवून बोलणाऱ्याच्या वाक्यात ‘नुरा’ येईलच. उरला तो, ज्याचं मत खरंच वेगळं आहे आणि ज्याला त्याची किंमत मोजावी लागते. त्याच्यासाठी शब्द अजून सापडलेला नाही.

कागलच्या एक ताई:
त्याच्यासाठी ‘उफराटा’च ठेवा की. तुमच्या आजी रागानं म्हणत असतील. आमच्या घरी धाकट्या आत्याला सगळे ‘उफराटी’ म्हणायचे, आणि नड आली की आधी तिलाच विचारायला जायचे.