वेल्डिंगच्या धुरामुळे ताप आणि खोकला : तपासणी व संरक्षणाबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत वेल्डरचे काम करतो. त्यांच्या शेडमध्ये प्रामुख्याने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांच्या चौकटी जोडल्या जातात. रविवारची सुट्टी संपवून तो सोमवारी कामावर गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव राहते आणि एक-दोन दिवसांत सगळे आपोआप ओसरते. जुने कारागीर म्हणतात, "सवय होईल."

पाइपावरील जस्ताच्या मुलाम्याचा धूर छातीत गेल्यावर काही तासांनी असा ताप येतो, आणि सलग कामाने शरीराला झालेली तात्पुरती सवय सुट्टीत मोडते म्हणून तो सोमवारी उसळतो, एवढे वाचून समजले. माझी खरी काळजी खोकल्याची आहे. तो पावसाळ्यात सुरू झाला, अजून थांबलेला नाही आणि आता जिना चढतानाही त्याला दम लागतो. अधूनमधून स्टेनलेस स्टीलचेही काम असते, ज्याच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला, हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

छताजवळ एक एग्झॉस्ट पंखा आहे. पण भाऊ जोडावर वाकलेला असतो, त्यामुळे वर चढणारा धूर पंख्याकडे जाण्याआधी हेल्मेटच्या काचेखालून त्याच्या नाकातोंडात शिरतो. तो तोंडाला दुपट्टा बांधतो. संध्याकाळी त्या दुपट्ट्याची आतली घडीसुद्धा राखाडी झालेली असते, आणि या धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असल्यामुळे कापडातून किती आत जात असतील याची कल्पना करवत नाही. ठेकेदार रोज गूळ वाटतो. गुळाने घशाला बरे वाटत असेल, परंतु फुप्फुसात गेलेला धूर त्याने बाहेर पडत नाही, हे भावाला पटवणे मला जड जात आहे.

छातीचा एक्स-रे ठीक आला आहे. तेवढ्यावरून कामामुळे होणारा दमा नाही असे म्हणता येईल का, की स्पायरोमेट्री (नळीत जोराने फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) करावीच लागेल, आणि ती सुट्टीनंतर करावी की कामाच्या दिवशी? त्याच्या पगारातून कामगार विम्याची कपात होते. नागपूरच्या 'सोमवारी पेठ' भागातील कामगार विमा रुग्णालयात ही तपासणी होते का, याचा अनुभव कोणी सांगावा. एन-95 मास्क कण अडवतो, पण ओझोनसारखे वायू अडवत नाही, तेव्हा हेल्मेटखाली नीट बसेल असा कोणता मास्क आपण वापरता? शेवटचे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे नाव उघड न होता धूर ओढून घेणारी यंत्रणा जोडाजवळ बसवण्याची मागणी कशी करावी? ठेक्यावरचा कामगार असल्याने त्याला कामावरून काढले जाण्याची भीती आहे.

तो विडी-सिगारेट ओढत नाही आणि घरात कोणालाही दमा नाही. अहवाल त्याच्याकडे आहेत. डॉक्टर किंवा अनुभवी वेल्डर मंडळींना हवा असलेला आणखी तपशील मी विचारून कळवीन.