लायसन्स गेलेल्या मेडिकलला ते परत द्यायचं की नाही?

नीरेकाठचा केमिस्ट:
परवा इथे एका सदस्याने लिहिलं होतं, ‘ज्या मेडिकलचं लायसन्स एकदा रद्द झालं त्याला जन्मात परत देऊ नये, आणि मंत्रालयातलं अपिलाचं दुकान आधी बंद करावं.’ खाली सगळे ‘सहमत, सहमत’ करत सुटले. उत्तर द्यायला बसलो तर लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

सहमतवाल्यांपैकी एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, नोटीस डोळ्यांनी किती जणांनी पाहिलीय? फ्रीजच्या तापमानाची नोंद नाही. मुदत संपलेला माल वेगळा ठेवलेला नाही. बिलावर फार्मासिस्टची सही नाही. एच-1 च्या (चिठ्ठीवरच द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या) रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव आहे, पत्ता नाही. (चिठ्ठीवरचा शिक्का पुसट असेल तर मी काय गुप्तहेर लावू?) यातल्या कशाने कुणी दगावत नाही, पण शटर खाली येऊ शकतं. औषध नियमांतल्या नियम 66 प्रमाणे आधी कारणे दाखवा नोटीस, मग खुलासा, मग लेखी कारणं देऊन निलंबन किंवा रद्द. आदेश सगळ्या औषधांसाठी असेल नाहीतर काहींपुरता. त्यावर तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील. ही काही केमिस्ट संघटनेने पदरात पाडून घेतलेली सवलत नाही, नियमातच लिहिलंय.

आणि बंद काळात काय होतं तेही ऐका. इन्सुलिनसाठी फ्रीज चालू ठेवावाच लागतो, फोडलेल्या खोक्यातला माल स्टॉकिस्ट परत घेत नाही, उधारीवाले फोन उचलत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

संधिवातवाल्या आईची लेक:
संन्यासी कोण ते मी सांगते. माझ्या आईला मेथोट्रेक्सेट लिहून दिली होती, आठवड्यातून एकदा घ्यायची. काउंटरवरच्या पोराने पाकिटावर पेनने लिहिलं, ‘रोज सकाळी 1’. आईने इमानेइतबारे घेतली. तोंडभर फोड आले, पाणी गिळता येईना, पांढऱ्या पेशी इतक्या खाली की थेट अ‍ॅडमिट. फार्मासिस्ट दुकानात नव्हताच. भिंतीवर त्याचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट होतं, खिळ्याला पांढरा अ‍ॅप्रन टांगलेला, वर नावाची पट्टीसुद्धा. माणूस तेवढा नव्हता.

तक्रार केली, तपासणी झाली, निलंबनाचा आदेश निघाला. तोवर मंत्रालयातून स्थगिती आली आणि शटर परत वर. सुनावणीला मला कुणी बोलावलं नाही. तुमच्या फ्रीजचं मला काही वाटत नाही, माफ करा.

नीरेकाठचा केमिस्ट:
ताई, आईंचं फार वाईट झालं. त्या दुकानाची बाजू मी घेतच नाहीये. पण एका दुकानावरून सगळ्यांना

संधिवातवाल्या आईची लेक:
‘पण’ आलाच.

बेकार बीफार्म:
लायसन्स राहू द्या बाजूला, त्या अ‍ॅप्रनवर या. तो कुणाचा तरी आहे ना? माझ्या बॅचची पोरं घरी बसून महिन्याचं पाकीट घेतात आणि सर्टिफिकेट दुसऱ्याच्या भिंतीवर. मी नोकरी मागायला गेलो तर मालकाचा पहिला प्रश्न, ‘स्वतः बसणार की नुसतं सर्टिफिकेट?’ नुसतं ठेवलं तर चार हजार, बसलो तर नऊ, सकाळी नऊ ते रात्री दहा. ‘बसणार’ म्हणालो तर त्याचा चेहराच पडला. हे थांबलं तर निम्मी निलंबनं आपोआप थांबतील.

जुना दुकानदार, माण:
चेहरा पडेल नाहीतर काय. ही पोरं लायसन्स हातात येईपर्यंत गोड. नंतर परीक्षा आहे, लग्न आहे, एमआरची (औषध कंपनीच्या प्रतिनिधीची) नोकरी लागली. राजीनामा परस्पर एफडीएला धाडून मोकळे. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं की बेकायदा कोण? मी. इथे तालुक्याला बसायला तयार कोण होतं? रात्री दोनला विंचू चावलेल्या पोराचा बाप दार वाजवतो तेव्हा तुमचं बीफार्म पुण्यात झोपलेलं असतं.

बेकार बीफार्म:
नऊ हजारांत जागं राहायचं का, काका?

जुना दुकानदार, माण:
काका तुझ्या घरी. आम्ही पोटाला चिमटा काढून दुकान उभं केलं. तुम्ही फी भरून कागद आणलात.

बेकार बीफार्म:
तो कागद नसेल तर तुमचं दुकान किराणा आहे, हे विसरू नका. फार्मासिस्ट मिळत नाही हे तर सांगूच नका. नव्या कॉलेजांवर देशाच्या फार्मसी कौन्सिलने घातलेली बंदी सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये उडवली. पोरं ढिगाने बाहेर पडतायत. तुम्हाला माणूस नकोय, फ्रेम हवीय.

पुणेकर ग्राहक:
महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते तेव्हा ‘फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही’ म्हणून मोहीम निघाली होती. तेव्हा याच मंडळींनी बंद पुकारले, ते आम्ही विसरलेलो नाही. आज ‘कागदी चुका’ म्हणून रडतायत.

होलसेलवाला:
आणि मोबाइलवर बटण दाबलं की घरपोच येणाऱ्या गोळ्या? तिथला अ‍ॅप्रन कुठल्या खिळ्याला आहे, बघितलंय कुणी? 2018 च्या ऑगस्टमध्ये ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा आला, तो अजून मसुदाच आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला रजिस्टरच्या रकान्यावरून बडवा आणि वीस टक्के डिस्काउंटवाल्यांना आरती ओवाळा.

संधिवातवाल्या आईची लेक:
झालं. माझी आई, मग पगार, मग ऑनलाइन. विषय काय होता?

निवृत्त निरीक्षक:
नोकरीत असताना तोंड बंद ठेवावं लागायचं, आता बोलतो. दोन्ही बाजू अर्धंच सांगताय.

‘जन्मात देऊ नये’ म्हणणाऱ्यांसाठी: नियम 64 मध्ये ती ताकद आधीच आहे. औषध कायद्याखाली शिक्षा झाली असेल किंवा पूर्वीचं लायसन्स रद्द वा निलंबित झालं असेल आणि त्यावरून माणूस योग्य वाटत नसेल, तर नवा अर्ज नाकारता येतो. फक्त ते आपोआप होत नाही, अधिकाऱ्याला कारण लिहावं लागतं. आणि कारण लिहायचा आम्हाला कंटाळा. आदेश साच्यातला काढायचा, अपिलात तो टिकत नाही, मग मंत्रालयाच्या नावाने बोटं मोडायची.

केमिस्टसाहेबांसाठी: नोकराच्या चुकीसाठी मालकाचं लायसन्स सरसकट जात नाही, हेही नियम 66 मध्येच आहे. पण मालकाची फूस असेल, त्याला माहीत असेल किंवा त्याने पुरेशी काळजी घेतली नसेल तर ही ढाल मिळत नाही. रिकामा अ‍ॅप्रन टांगणारा मालक ‘पोराने केलं’ म्हणू शकत नाही. आणि एच-1 चं रजिस्टर तीन वर्षं ठेवायला सांगितलंय ते हौसेने नाही. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, टीबीची औषधं आहेत त्यात. मी रजिस्टरं बघितलीत जिथे महिनाभर एकच शाई, एकच हस्ताक्षर आणि सगळे पेशंट ‘पाटील’.

बीफार्म, तुम्हालाही. दुकानाचं लायसन्स एफडीए देते, तुमचं नाव मात्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत असतं. सर्टिफिकेट भाड्याने दिलं तर फार्मसी कायद्याच्या कलम 36 खाली ते नाव निघू शकतं. कलम 37 खाली परत लागूही शकतं, पण ते कौन्सिलच्या मर्जीवर. बॅचमेटांना सांगा.

नीरेकाठचा केमिस्ट:
ठीक. रिकाम्या अ‍ॅप्रनवाल्याचं रद्दच करा, माझी हरकत नाही. तक्रारदाराला न ऐकता स्थगिती देणं चूक, तेही मान्य. लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही. पण फ्रीजच्या तक्त्यावरून पंधरा दिवस शटर पाडणं आणि नशेच्या गोळ्या विकल्याबद्दल रद्द करणं एका तराजूत घालू नका.

संधिवातवाल्या आईची लेक:
वा, केवढे उपकार. फ्रीजचा तक्ताही भरत जा की मग, इन्सुलिन तुम्हीच विकताय ना.

नवा सभासद:
भांडण चालू द्या, मला एक सांगा. मामांच्या दुकानाचं लायसन्स रद्द झालंय, फार्मासिस्ट सोडून गेला होता आणि विक्री चालूच होती. आदेश पोस्टाने उशिरा आला. तीन महिने हातात पडल्यापासून धरायचे ना?

निवृत्त निरीक्षक:
नियमात ‘आदेशाच्या तारखेपासून’ आहे. पोस्टाच्या भरवशावर राहू नका. अपील आधी दाखल करा, पाकिटावरचा शिक्का सोबत जोडा. स्थगिती मिळेपर्यंत एक पट्टीही विकायची नाही, शेजाऱ्याला क्रोसिनसुद्धा नाही. शिल्लक मालाची यादी करून ठेवा. आणि नवीन फार्मासिस्टचं नेमणूकपत्र तयार ठेवा, तो खरा हवा. पहिला प्रश्न तोच येणार. अपील फेटाळलं गेलं तर हायकोर्ट, नाहीतर नव्याने अर्ज, तिथे पुन्हा नियम 64 आडवा येणार.

होलसेलवाला:
आणि रिटेन्शन फी, म्हणजे लायसन्स चालू ठेवायची फी, बघून घ्या. पाच वर्षांची मुदत संपून वर सहा महिने गेले तर लायसन्स तसंही रद्द समजतात. आमच्याकडचे दोघं याच्यातच गेले, ना इन्स्पेक्टर आला ना नोटीस.

जुना दुकानदार, माण:
ए बीफार्म, बारा हजार देतो. रविवारी दुपारनंतर सुट्टी. खासगी मेसेज कर.

बेकार बीफार्म:
पंधरा. आणि रात्री आठला मी घरी.

जुना दुकानदार, माण:
मेडिकल आहे ते, बँक नाही.